उशी काढली त्या वर्षी

१

बुखाऱ्याकडच्या कुमतेपा वस्तीत दारं वर्षातून दोनदा स्वभाव बदलतात. उन्हाळाभर कॉम्प्रेसर जमिनीच्या पोटात गॅस भरत राहतात, आणि कापूस वेचायचे दिवस येईतो ते पोट असं टरारतं, की जमीन बोटभर वर येते. चौकटी तिरक्या होतात, दारं अडकतात, खांदा लावल्याशिवाय उघडत नाहीत. हिवाळ्यात तोच गॅस उपसून शहरांना धाडतात. मग जमीन खाली बसते आणि तीच दारं सैल होऊन वाऱ्यावर खडखडायला लागतात. नव्या सुनेला हे कुणी शिकवत नाही. ज्या दिवशी ती न विचारता दाराला खांदा लावते, त्या दिवशी ती वस्तीची झाली असं बायका समजतात.

सनोबर मोमोला हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की महिना कोणता चाललाय ते ती दाराला विचारायची. मोमो म्हणजे आजी; पण नातवंडं व्हायच्या आधीपासूनच सगळी गल्ली तिला मोमो म्हणत होती. तिचा नवरा हैदर इथल्या पहिल्या विहिरी पाडणाऱ्यांतला. तो म्हणायचा, ह्या जमिनीसारखा गुणी गडी नाही, गिळ म्हटलं की गिळते, ओक म्हटलं की ओकते, आणि पगार मागत नाही. हैदर जाऊन बरीच वर्षं झाली. आता मुलगा बोतिर कॉम्प्रेसरच्या शेडमध्ये कामाला होता, आणि त्या हिवाळ्यात, लग्नाला आठ वर्षं झाल्यावर, बोतिरच्या बायकोला, नोदिराला, मुलगी झाली होती. नाव ठेवलं मेहरिनिसो. नोदिराचे त्याआधीचे दोन गर्भ टिकले नव्हते, त्यामुळे त्या घरात बाळाच्या श्वासाकडेसुद्धा कान लावून बसायची सवय लागली होती.

बाजूच्या खोलीत घरचा पाळणा होता. लाकडी, दोन कमानींचा, वरून एक दांडा धरायला, आणि खाली वाकड्या पट्ट्या, झुलायला. मधोमध भोक, त्याखाली शूशीचं मडकं ठेवायचं. बोतिर त्यातच वाढला, त्याच्या बहिणी त्यातच वाढल्या. बाळ चाळीस दिवसांचं झालं, की बायका बोलावून समारंभाने त्याला पाळण्यात घालायचं. तोवर पाळणा रिकामा. आणि रिकामा पाळणा झुलवायचा नाही, एवढं तर लहान पोरीलाही ठाऊक असतं. तो अगदी रिकामा राहू नये म्हणून मोमोने त्यातल्या उशीशेजारी एक नान, म्हणजे भट्टीतली गोल भाकर, ठेवली होती.

हिवाळा तर असा पडला, की पाटातलं पाणी तळापर्यंत गोठलं. शहरांत चुली विझल्या. वरून हुकूम येत होता, काढा, अजून काढा. एक दिवस जेवताना बोतिरने सांगितलं, की खालचा साठा कधी पुरता उपसायचा नसतो. तळाशी एक वाटा कायमचा राहू द्यायचा, त्यावर बाकीचा उचलून धरला जातो. कामगार त्याला उशी म्हणतात.

"ह्या वर्षी उशीतलंही काढलं," तो म्हणाला.

मोमोने चहाचा पियाला खाली ठेवला. "कुणाच्या डोक्याखालची?"

बोतिर हसला. नोदिरा हसली नाही.

२

ऐन थंडीत, जेव्हा वस्तीतली सगळी दारं खडखडत होती, तेव्हा बाजूच्या खोलीचं दार अडकलं.

मोमो रजई आणायला गेली होती. तिने दार ढकललं, ते हललं नाही. तिला वाटलं लाकूड ओलीने फुगलं असेल. मग तिचं तिलाच हसू आलं. त्या कोरड्या गारठ्यात ओल यायची कुठून? तिने खांदा लावला. दार कुरकुरत उघडलं.

पाळणा होता तिथेच होता. पण खाली अंथरलेल्या नमद्यावर, त्या लोकरीच्या जाड पटावर, पाळण्याच्या पट्ट्यांखाली दोन अर्धगोल घासले गेले होते. लोकर मधून दबून चकाकत होती. महिनामहिना झुलवल्यावर दिसतात तसे. मांजर, ती मनाशी म्हणाली. मग तिला आठवलं, मांजर मागच्या वर्षीच मेलं. वारा, ती म्हणाली, आणि बंद खिडकीकडे बघत राहिली. शेवटी तिने ठरवलं की हे अर्धगोल बोतिरच्या वेळचेच असतील, आपण कधी नीट पाहिले नसतील. असं ठरवता येतं. म्हाताऱ्या माणसाला तर फार सहज.

मात्र नान उशीशेजारून ढकलून कडेला सारलेली होती, आणि उशीला खळगा पडला होता. बाळाच्या डोक्याचा नव्हे. त्याहून बराच मोठा. तिने उशी थोपटून सारखी केली, नान जागेवर ठेवली आणि रजई घेऊन बाहेर आली.

संध्याकाळच्या चहाला तिने आडून आडून बोतिरला विचारलं, खाली चाललंय तरी काय. बोतिरला हा विषय आवडायचा. त्याने नमद्यावर तळवा दाबला आणि उचलला.

"हे बघ ओयी," तो आईला म्हणाला. "नवा नमदा हात उचलला की फुगतो. जुना फुगत नाही. खालच्या दगडाचं तेच. उन्हाळ्यात दाबायचा, हिवाळ्यात सोडायचा, पुन्हा दाबायचा. कण चुरतात, बारीक वाटा बुजतात. दरवर्षी थोडा कमी मावतो आणि भरला त्याहून थोडा कमी परत येतो."

"मग बाकीचा जातो कुठे?"

"जात नाही. खालीच अडकतो."

"म्हणजे कुणीतरी ठेवून घेतं."

"कुणी नाही गं. दगड ठेवून घेतो."

"मग त्या दगडाला सांग, माझ्या बाजूच्या खोलीचं दार सोड म्हणावं."

बोतिर हसत उठला, रंधा शोधायला. दारापाशी गेला, दार ढकललं, आणि तसाच उभा राहिला. मग खांदा लावला. परत आला तेव्हा तोंडावरचं हसू गेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने शेडमधून पातळी बघायची काचनळी आणली, वास हुंगणारं यंत्रही आणलं. गॅसचा मागमूस नव्हता. सगळं घर खाली बसलं होतं, जसं बसायला हवं तसं. फक्त त्या एका खोलीची जमीन वर आली होती, तव्यावरच्या पोळीसारखी, आणि फुगवट्याच्या बरोब्बर माथ्यावर पाळणा.

त्याने पुन्हा पुन्हा काचनळी ठेवून पाहिली. मग म्हणाला, "आत्ता खाली जमीन उचलण्याइतकं काही नाहीच आहे."

तो पुढे म्हणाला, की बुखाऱ्यात मित्राचं घर रिकामं आहे, चौथ्या मजल्यावर, बाळाला घेऊन काही दिवस जाऊया. त्यावर मोमोने सांगितलं की ह्या घराच्या भिंतींतली माती तिने आणि हैदरने पायांनी तुडवली होती, तेव्हा ते कॉम्प्रेसर आगगाडीतून उतरलेसुद्धा नव्हते. आधी कोण आलं ते खालच्यालाही कळू दे.

३

रोहत ही गल्लीतली कायवोनी. लग्न, बारसं, मयत, काही असो, बायकांच्या बाजूचं सगळं तिच्या शब्दावर चालायचं. मोमोची ती लहानपणची मैत्रीण, त्यामुळे दोघींचं बोलणं कायम काट्यांचं. समारंभाचं ठरवायला ती आली तेव्हा मोमोने तिला खोली दाखवली. अर्धगोल आता इतके खोल झाले होते, की लोकरीखालची माती दिसत होती. रोहतने पाळण्याला हात लावला नाही.

चहा घेताना रोहतने तिला बरंच सुनावलं. पाळणा देऊन टाक, जाळ, वाळवंटात नेऊन पूर. रिकामा झुलला तो पाळणा आपला राहत नाही. ज्याला झुलवलं तो कधीतरी येऊन निजतोच.

"झुलवलं कुणी?" मोमो म्हणाली. "आपणच ना गं. जमिनीलाच झुलवत आलोय. उन्हाळ्यात इकडे, हिवाळ्यात तिकडे. बोतिरचा जन्म झाला नव्हता तेव्हापासून. डोक्याखाली उशी होती तोवर बिचारं गाढ झोपेत होतं."

"असं बोलू नये, सनोबर."

"उशी काढली न् वर अजून झुलवणार. आता आठवड्यात कॉम्प्रेसर सुरू होतील, आणि ह्या खेपेला जोरात भरायचंय म्हणे, तळ गाठलाय ना."

"म्हणूनच म्हणते, टाक तो पाळणा."

"आज पाळणा टाकते. उद्या ते काय मागेल, ते तू येऊन देशील?"

रोहतने पियाला पालथा घातला. पुढे तिने टोमणा मारला, की मोमो तरुणपणीही अशीच होती, सासूच्या हातची चाळणीसुद्धा सोडायची नाही. पण जाताना दारात तिने मोमोचा दंड क्षणभर धरला.

खरी पंचाईत नोदिराची होती. ती भांडणारी नव्हती. भाजी निवडता निवडता, मान खाली घालून तिने सांगितलं की तिला पाळणा नको, मुलगी तिच्याजवळ जमिनीवर निजेल.

"जमिनीवर?" मोमो म्हणाली.

नोदिराने वर पाहिलं. मग दोघींनी मिळून खाली, पायांखालच्या जमिनीकडे पाहिलं. त्यानंतर नोदिराने तो विषय काढला नाही. मात्र त्या दिवसापासून बाळ तिच्या मांडीवरून उतरेना. निजताना, जेवताना, केस विंचरताना, बाळ मांडीवर. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं. असं एक बाई किती दिवस काढणार? पाळणा शौकाचा नव्हता. बाळाला निजायला जगात एक जागा हवी होती, आणि ती जागा कुणीतरी मागत होतं. गोष्ट एवढीच होती, आणि मोमोला ती स्वच्छ कळत होती.

४

कॉम्प्रेसर सुरू झाले. त्यांचा आवाज कानाला येत नाही, दातांना येतो. पियाल्यातल्या चहावर बारीक वलयं धरतात.

समारंभाच्या आदल्या दुपारी नोदिरा बाळाला लस टोचून आणायला दवाखान्यात गेली होती. मोमो घरात एकटी. ऊन असं लख्ख, की अंगणातली भांडी बघवेनात. तिने पाळणा पुसला, गादी झटकली. दोन रुंद पट्टे धुऊन वाळवले होते, ते आणून पाळण्यावर मोकळे टाकले. बाळाला निजवलं की ह्या पट्ट्यांनी हातपाय गुंडाळून वरच्या बाजूला खोचायचे, म्हणजे ते दचकत नाही. मग ती भट्टीतली नान काढायला अंगणात गेली. जाऊन आली, एवढंच.

पट्टे बांधलेले होते.

गादीवर काही नव्हतं. पट्टे मात्र ताठ, खाली काही भरलेलं असल्यासारखे उंच. मोमो दारात उभी राहून विचार करू लागली. सवयीने आपणच बांधले असतील. हात स्वतःच्या मनाने कामं करून टाकतात. सबंध पिठाचा गोळा मळून व्हायचा आणि मग आठवायचं, की मळायला घेतला होता. पण गाठ दिसेना. पट्टे वर खोचलेलेही नव्हते. ती गुडघ्यांवर बसली, वाकली. गाठ पाळण्याच्या खालच्या अंगाला होती. कुणी ती गोष्ट कायम खालूनच बघितली असेल आणि बघून बघून शिकलं असेल, तर बांधील तशी.

तिने पट्ट्यावर तळवा ठेवला. तो सावकाश वर येत होता. ती वाट पाहत राहिली, आता खाली जाईल. अंगणातल्या मडक्याची सावली सरकून उंबऱ्याला लागली, तरी तो वरच येत होता. एकच श्वास, आणि तो अजून घेऊन झाला नव्हता.

मोमोला भीतीच्या आधी राग आला. चार बाळांना तिने ह्या पट्ट्यांत गुंडाळलं होतं. तिने खाली हात घालून गाठ सोडवली आणि पट्टा ओढला. तो येईना. झोपाळलेलं पोर मुठीत बोट धरून ठेवतं, तेवढ्याच जोराने तो धरलेला होता. फार नाही. फक्त सोडायची तयारी नाही.

"दे इकडे," मोमो म्हणाली.

पट्टा सुटला. त्याबरोबर मधल्या भोकातून गार हवा वर आली, कितीतरी काळ न उघडलेल्या दगडाच्या वासाची. तिने भोकातून खाली पाहिलं. तिथे नमदा दिसायला हवा होता, किंवा घासून उघडी पडलेली माती.

नमदा दिसला नाही. मातीही नाही.

तिने काय पाहिलं ते नंतर तिने रोहतलाही सांगितलं नाही. इतकंच म्हणाली, की ते खोल होतं, आणि ते वर बघत होतं की नाही हे कळण्याइतका वेळ तिने बघितलं नाही. ती उठली, दार उघडं टाकून अंगणात आली आणि नोदिरा येईपर्यंत उन्हात उभी राहिली, हातात दोन्ही पट्टे घट्ट धरून.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी खोली बायकांनी भरली. इसिरिकच्या पाल्याची धुरी फिरवून झाली, पाळण्यावरून खडीसाखर आणि बेदाणे उधळून झाले, म्हाताऱ्यांनी ते पदरात वेचले. नोदिरा भिंतीशी बसली होती, बाळाला छातीशी धरून. तिने सकाळी सासूला विचारलं होतं, घालायचंच का? मोमो म्हणाली होती, आपण नाही घातलं तर पाळणा रिकामाच राहील.

बाळाला पाळण्यात घालायची इथली रीत अशी, की कायवोनी आधी मुद्दाम चुकते. बाळाला उलटं ठेवते, डोक्याकडे पाय, आणि विचारते, असं? बायका ओरडतात, नाही. मग आडवं धरते, असं? नाही. तिसऱ्यांदा नीट ठेवते, तेव्हा सगळ्या हो म्हणतात. टपून बसलेल्या वाईट नजरेला ह्या घोळात नेमकं कुठे बसावं ते कळू नये, म्हणून हे सगळं. आणि कुणीच काही बोललं नाही तर? तसं होत नाही. पण गप्प राहणं म्हणजे हो, हे सगळ्यांना माहीत असतं.

रोहतने बाळाला घेतलं, उलटं ठेवलं. "असं?"

"नाही," बायका म्हणाल्या. कुणी म्हणालं, रोहत आता म्हातारी झाली, डोकं कुठे आणि पाय कुठे विसरली. हशा झाला.

आडवं धरलं. "असं?"

"नाही."

रोहतने बाळाला वळवायला उचललं. क्षणभर पाळणा रिकामा होता.

तो एका बाजूला कलला. कुणी हात लावला नव्हता. सावकाश कलला, आणि तसाच थांबला, एका पट्टीच्या टोकावर, जिथे कुठलाही पाळणा थांबू शकत नाही. पियाल्यांतली वलयं थांबली. दातांतला कॉम्प्रेसरचा आवाज थांबला. रोहत बाळाला हातात घेऊन उभी होती, तिचे ओठ मिटलेले होते. तरी खोलीतल्या प्रत्येक बाईला समजलं, की विचारलं गेलंय. असं?

कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. शांतता लांबत गेली, आणि पाळणा वाट पाहत राहिला. उत्तर येत नाही हेच उत्तर धरून, केसभर, आणखी केसभर, बाळाच्या दिशेने वाकत.

"नाही," मोमो म्हणाली.

पाळणा थांबला. मग घाईगर्दी न करता तो दुसऱ्या बाजूला गेला, तिकडेही टोकावर थांबला. शिकायला बसलेलं पोर चुकलेलं अक्षर पुन्हा काढून पाटी पुढे धरतं, तसं.

"नाही," मोमो पुन्हा म्हणाली. आवाज चढवला नाही. "तसंही नाही. कसंही नाही. ही जागा हिची आहे."

भिंतीशी नोदिरा उठून उभी राहिली. तिच्या तोंडून आधी नुसती हवा आली, मग शब्द आला, "नाही." मग कोपऱ्यातल्या एका म्हातारीने म्हटलं, मग तिच्या सुनेने. मग सगळी खोली म्हणू लागली, पुन्हा पुन्हा, कुणी रडत, कुणी दात आवळून, आणि त्या आवाजात पाळणा हळूहळू मधोमध आला. दार स्वतःहून किंचित सैल झालं. चहावर पुन्हा वलयं उठली.

मोमोने रोहतच्या हातून बाळ घेतलं, नीट ठेवलं, पट्टे गुंडाळून वरच्या बाजूला खोचले आणि दांड्यावर हात ठेवून बसली.

"असं," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

आता उन्हाळा भरात आहे. बोतिरने वरच्या लोकांना जाऊन सांगितलं, की भरणं सावकाश करा, तिथली जमीन बरी नाही. ते म्हणाले, पुढचा हिवाळा सावकाश येणार आहे का? कॉम्प्रेसर चालू आहेत. मेहरिनिसो त्याच पाळण्यात निजते, शांत निजते, गाल भरलेत तिचे. खोलीत कुणी ना कुणी बाई कायम असते; गल्लीने पाळ्या लावून घेतल्यात. कधी दुपारी पाळणा कलतो आणि थांबतो. तेव्हा जी बसलेली असते ती विणकामावरून नजर न काढता म्हणते, नाही, आणि तो मागे येतो. हल्ली तो मोमो झुलवते तसा झुलू लागलाय, दोनदा हलकेच आणि एकदा लांब. शिकतोय.

मोमोला ठाऊक आहे की ती म्हातारी आहे, रोहत म्हातारी आहे, आणि खालच्याला घाई नाही. बायकांच्या पाळ्या आज आहेत, उद्या कंटाळतील. म्हणून रोज सकाळी ती पाळण्यावर वाकते, बाळाच्या तोंडासमोर तोंड नेते आणि एकच शब्द ओठ उघडून, सावकाश, दाखवून दाखवून म्हणते. बाकीची नातवंडं आधी आई म्हणाली, पाणी म्हणाली. हिला पहिला शब्द हाच यायला हवा. मेहरिनिसो तिच्या ओठांकडे एकटक बघते, आणि बोळक्या तोंडातून फुगा काढते.

"नाही," मोमो पुन्हा म्हणते. "म्हण, सोन्या. नाही."